पगारदारांसाठी पाकीट

काकूंचा कुणाच्याही शब्दावर विश्वास नव्हता. होता तो फक्त स्वतःच्या दाढेवर. कुणी तुरीचं पोतं घेऊन आला की त्या कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा काढायच्या आणि दाढेखाली फोडायच्या. "ओली हाये बापा. दोन दिवस वाळव, मंग आण." विषय संपला. ढाणकीत त्यांच्याशी वाद घालणारा एकच माणूस होता, आणि तो मी.

मी बँकेतला, यवतमाळहून बदलून आलेला. त्यांच्या डाळ मिलच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. आमच्या घरात तीन पिढ्या नोकरी, म्हणून धंद्यातलं आपल्यालाच जास्त कळतं असा माझा समज. पाव, अर्ध्या आणि एक किलोची पाकिटं छापायला मीच त्यांना भरीला घातलं. पाकिटं खपली आणि मी गावभर कॉलर ताठ करून फिरलो.

मग पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के टॅक्स बसला. मोकळी डाळ तेवढी सुटली. मी म्हटलं, "काकू, भाव वाढवा. पाच टक्क्यांनी कोण मरतं?"

"साहेब, तुमच्या पगाराले महागाई भत्ता हाये. शेंगा तोडणाऱ्या बाईच्या मजुरीले कोणता भत्ता हाये, सांगा ना."

 मला राग आला. कुणी खरं बोललं की मला येतोच.

टॅक्सनं भाव वाढलाच, आणि पुढच्या दोन-तीन बाजारांत त्यांचं म्हणणं खरं ठरलं. किलो नेणाऱ्या बाया अर्धा नेऊ लागल्या, अर्धावाल्या पाव किलोवर आल्या. मिलवरच्या चार बायांचं काम अर्ध्या दिवसावर आलं. असंच चाललं असतं तर दिवाळीपर्यंत मिलला कुलूप लागलं असतं. काकूंनी पोती उघडली आणि मोकळी डाळ तोलायला बसल्या.

तर मोकळी कुणी घेईना. मोकळ्या डाळीत लाखोळीची स्वस्त डाळ मिसळतात, पाकिटाचाच भरवसा धरा, हे सगळीकडे सांगत सुटलो होतो मीच. आता बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

"बोलून कोण ऐकते," काकू म्हणाल्या. "शिजवूनच दाखवा लागन."

बाजाराच्या दिवशी त्यांनी मिलच्या दारात चूल मांडली. गिऱ्हाईक बाई बोट दाखवेल त्या पोत्यातली मूठभर डाळ घ्यायची, तिच्यासमोर शिजवायची, हळद-मीठ घालून आधी स्वतः खायची, मग तिला द्यायची. सबंध पावसाळा हेच. गुडघे धरले, धुरानं डोळे सुजले, पण बाई चुलीपासून हलली नाही. एवढा जीव कशाला काढता, असं मी चिडून विचारलं.

"मिल चालली पाह्यजे, अन् मजुरी करणाऱ्या बाईच्या पोराच्या ताटात वरणही पडलं पाह्यजे. दोनातलं एकही सोडत नाही मी."

दिवाळीला चारही बाया पूर्ण दिवस कामावर होत्या.

माझी शेवटची बदली पुन्हा यवतमाळला झाली. निघताना मी पाच किलो मोकळी डाळ मागितली, तर काकूंनी पाकिटं पुढं केली. शिक्षक, तलाठी, बँकवाले यांच्यासाठी त्या ती अजून भरत होत्या.

"मोकळी द्या ना, स्वस्त पडते."

"तुम्हाले नाही भेटन. ज्याले पगार हाये त्यानं टॅक्स भरावा. मोकळी हाये ते ज्याले परवडत नाही त्याच्यासाठी."

एसटीत बसेपर्यंत मी धुसफुसत होतो. उमरखेड मागं पडल्यावर हसू आलं.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मी तोवर रिटायर झालो होतो. घरच्यांना भेटायला गेलो, तर मिलचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. आता आपल्याला तोंडावर गप्प करणारं माणूस उरलं नाही, याचं खरंच फार वाईट वाटलं. राहवलं नाही म्हणून निघताना त्यांच्या सुनेकडे दोन किलो मोकळी डाळ मागितली. ती डोळे पुसत होती. तशीच उठली, फळीवरची दोन पाकिटं काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली,

"पेन्शन चालू हाये ना तुमची?"