बेडके तपासणारी सूनबाई

हां, तर डबी उघडली आणि आत काय, नुसती लाळ! काल इथवर आलो आणि तुम्ही जांभया द्यायला लागलात. आज तोंड मिटून ऐका.

डबी उघडणारी ती माझी धाकटी सून. काम काय, तर लोकांचे बेडके तपासणं. मोठ्या दवाखान्याच्या मागे फुफ्फुसांची प्रयोगशाळा आहे, तिथे पांढरा डगला घालून बसते. लग्न ठरलं तेव्हा आमची थोरली बहीण नाक मुरडून म्हणाली, "पोरगी गुणाची आहे रे, पण पगार थुंकीचा!" सूनबाईनं ऐकलं. म्हणाली, "आत्याबाई, नुसत्या थुंकीचे पैसे कोण देतो? छातीतून वर यावं लागतं." तेव्हापासून मी तिच्या पक्षात.

बेडक्यात बघायचं काय, हे मला तिनंच भाजी निवडता निवडता सांगितलं. श्वासनळीला आतून पेशींचं अस्तर असतं आणि त्या पेशी प्रथिनं पाझरत असतात. धूळ आत शिरली की एक प्रथिन बोंब ठोकतं, "धावा, चोर आला!" की रक्तातल्या पांढऱ्या पेशी लाठ्याकाठ्या घेऊन हजर. त्या हाणामारीत श्वासनळी सुजते. मग दुसरं एक समजूतदार प्रथिन येतं नि म्हणतं, "झालं ना? चला आता आपापल्या घरी." पण रोज धूळ खाल्ली तर हे समजूतदार प्रथिन बनवणाऱ्या पेशीच कमी होतात, आणि भांडण काही मिटत नाही.

"म्हणजे आपली भावकीच की," मी म्हणालो.

"बाबा, भावकी निदान जेवायला तरी थांबते."

तर यंदा प्रयोगशाळेनं सुतारांचे बेडके मागवले. लाकडाच्या भुशानं हे समजूतदार प्रथिन किती घटतं, ते बघायचं होतं. आता आमचा धाकटा, म्हणजे हिचा नवरा, सुतारच. दिवसभर कटर मशीनवर. झोपला की छातीतून अशी शिटी वाजते की शेजारचं कुत्रं उठून बसतं. सूनबाईच्या जिवाला तोच घोर. मास्क आणून दिला तर यानं त्यात खिळे ठेवले. डॉक्टरचं नाव काढलं की चपला शोधायला लागतो. याच्या कारखान्यातल्या जोडीदाराला डॉक्टरांनी मशीनचं काम कायमचं सोडायला लावलं होतं, त्याची धास्ती.

कारखान्यातले सगळे निघाले म्हणून हाही प्रयोगशाळेत गेला. बायको आतल्या खोलीत, डब्यांवर नुसते नंबर, कोणाची कुठली ते तिला कळायची सोय नाही. पठ्ठ्यानं खोकल्याचं असं नाटक केलं म्हणे, की बाहेरची नर्स पाणी घेऊन धावली. आणि डबीत सोडली जिभेखालची लाळ! स्वच्छ, चकचकीत.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नाटक चालत नाही. लाळेत दिसतात गालाच्या चपट्या पेशी, छातीतल्या पेशींचा पत्ता नाही. सूनबाईनं शेरा मारला, "हा गाल आहे. छाती पाठवा." आणि त्या नंबरच्या माणसाला परत बोलावणं गेलं.

दुसऱ्या दिवशी दार लोटून आत कोण आलं? आमचे चिरंजीव.

"तुम्ही?"

"मीच. पण तुला कसं कळलं?"

"मला काही कळलं नाही. तुमच्या गालांनी चहाडी केली. बसा."

मिठाच्या पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र तिनं त्याच्या तोंडाला लावलं. त्या धुक्यापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. असा खोकला आला, असा खोकला आला, की डबी भरली आणि डोळेही. त्याचे खोकल्यानं, हिचे कशानं ते मी विचारलं नाही. तपासणी बाजूला ठेवून तिनं त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. एका बेडक्यावरून रोग ठरत नाही, म्हणून त्यांनी फुंकायच्या नळीवर छाती मोजली. भाता आखडलाय म्हणाले, पण वेळेत आलात. औषध श्वासातून ओढा, भुसा टाळा, मशीन सोडायला नको.

रात्री जेवताना चिरंजीव गोड आवाजात म्हणतात, "ते तुझं समजूतदार प्रथिन गोळीत नाही का मिळत? रोज दोन घेईन."

"नाही मिळत. ते करणारे कारागीर तुमच्याच छातीत बसलेत, आणि तुम्ही रोज त्यांच्या तोंडावर भुसा फेकता."

त्यानं ताट बाजूला सारलं. मग उठला, मास्कमधले खिळे डब्यात ओतले, मास्क झटकला आणि नाकावर चढवून बघितला. आतूनच म्हणाला, "बांधतो उद्यापासून. पण कारखान्यात सगळे हसतील, त्याचं काय?"

सूनबाई म्हणाली, "हसू द्या. हसता हसता ज्याला खोकला येईल, त्याला माझ्याकडे पाठवा."