गच्चीवरची शेवंती आणि गांजावाल्यांचा सल्ला

हिवाळ्यात आमच्या घोडपदेवच्या इमारतीत कुणाला फुलांसाठी दादरला जावं लागत नाही. चौथ्या माळ्यावरच्या अंबिकाकाकी परुळेकर गच्चीवर शेवंती लावतात. पिवळी, पांढरी आणि एक विटकरी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी त्यांच्या दारात बायकांची ये-जा सुरू होते आणि काकी टोपलीतून प्रत्येकीच्या ओंजळीत फुलं घालतात.

काकी कणकवलीकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा नवरा गणपत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. गिरणी बंद पडली, तो वॉचमन झाला आणि काकी दादरच्या फूलबाजारात वेण्या करायला बसू लागल्या. केस पिकेपर्यंत त्यांनी दुसऱ्यांची फुलं गुंफली, तीही गोणीतून आलेली, वरून पाणी मारून ताजी ठेवलेली. आपण लावलेलं फूल आपल्या हातानं तोडावं असं त्यांना फार वाटायचं. मग गणपत गेला, काकींच्या बोटांचे सांधे आखडले, बाजार सुटला. त्या सुमारास जुन्नरच्या एका बागवाल्यानं त्यांना शेवंतीची काही रोपं दिली. ती काकींनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावली. दोन-तीन हिवाळ्यांत गच्चीचा अर्धा भाग त्यांच्या झाडांनी भरला.

गेल्या वर्षी मात्र गुरुवार उजाडला आणि टोपली निघाली नाही.

झाडं तर कधी नव्हती एवढी माजली होती. हिरवीगार, कमरेएवढी. पण कळी औषधालाही नाही. काकींनी शेणखत घातलं, मग बंद केलं. पाणी वाढवलं, मग तोडलं. कुणीतरी दृष्ट लागली म्हणालं, तर मीठ-मोहरीही ओवाळली.

"गो, ह्यांका झाला तरी काय?" त्या मुलीला विचारत. मुलगी दर्शना परळला एका लॅबमध्ये रक्त तपासते. ती संध्याकाळी घरी आली की आईच्या तोंडी हाच विषय.

शेवटी एका रविवारी दर्शना गच्चीत मोबाइल घेऊन बसली. झाड वाढतं पण फुलत नाही, असं इंग्रजीत लिहून शोधू लागली. शोधता शोधता हसायला लागली.

"आई, ज्याला त्याला हाच प्रॉब्लेम आहे बघ. पण हे सगळे गांजावाले आहेत."

"कोण?"

"परदेशात काही ठिकाणी कायद्यानं चालतं ना, तिकडचे. घरामागे मोकळ्या जागेत गांजा लावतात आणि पीक कमी का आलं यावर पानंच्या पानं लिहितात."

"मग वाच ना. झाड तां झाड."

दर्शनानं वाचून दाखवलं. पीक कशानं वाढतं, कशानं घटतं. पहिली गोष्ट ऊन. दिवसाचं जेवढं थेट ऊन, तेवढा माल. मग मुळांना जागा. लहान कुंडीत झाड खुरटतं. कोवळेपणी शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि तेवढी बोंडं जास्त. वाऱ्यात झाड हलत राहिलं तर आधार द्यावा. फुलायच्या वेळी पाऊस-दमट हवा असेल तर बुरशी येते, म्हणून फांद्या विरळ ठेवाव्या. पानं वाढवणारं खत उशिरापर्यंत घालत राहिलं तर झाड नुसतं पानातच राहतं.

काकी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. "शेंडा मी खुडलंय. डबे लहान आहेत, ता खरा. खतही जास्त झाला."

"आणि हे ऐक. या झाडाला रात्र मोठी झाली की कळतं, आता फुलायचं. पण त्या रात्रीत अंधार हवा. रस्त्यावरचा दिवा जरी अंगावर येत असेल तरी त्याला वाटतं, अजून दिवसच आहे. मग ते वाढतच राहतं."

दर्शना वाचायची थांबली. दोघींनी एकदमच समोर पाहिलं. रस्त्यापलीकडच्या इमारतीवर गणपतीच्या सुमारास जाहिरातीचा मोठा एलईडी फलक लागला होता. अंधार पडला की आमच्या गच्चीवर पेपर वाचता येईल इतका उजेड. आम्ही सगळे झोपेच्या नावानं कुरकुरत होतो, पण झाडांचा विचार कुणी केला नव्हता.

"पण हा गांजाचा झाला. शेवंतीचा काय?"

दर्शनानं शोधलं. शेवंतीचंही तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी काकी मस्जिद बंदरला जाऊन छत्रीचं काळं कापड घेऊन आल्या. चार कोपऱ्यांना बांबू, वर दोरी, आणि संध्याकाळी फलक लागायच्या आत सगळी झाडं झाकायची, सकाळी उघडायची. आखडलेल्या बोटांनी त्या गाठी मारत. कुणी विचारलं की खुशीत सांगत, "गांजावाल्यांनी सांगितल्यात तसा करतंय. ते मोठे हुशार."

नळावर सांगितलं, जिन्यात सांगितलं, वाण्याकडेही सांगितलं.

आठवडा झाला असेल. एका सकाळी पोलीस चौकीतून हवालदार आले. हितेंद्र नावाचे, तरुण. कुणीतरी फोन केला होता की गच्चीवर काळ्या कापडाखाली गांजा लावलाय आणि बाई स्वतःच सांगत फिरते. काकींनी अजून झाडं उघडली नव्हती. हवालदारांनी कापडाचं टोक उचललं, वाकून पाहिलं. कडा कातरलेली पानं, गांजाची असावीत तशी. त्यांचीही पंचाईत झाली.

"हे काय आहे, आजी?"

काकींनी एक पान चुरगाळून त्यांच्या नाकापुढे धरलं. "शेवंती. कधी वास घेतला नाहीस काय रे?"

हवालदारांनी वास घेतला, ओशाळले. फोटो काढायला लागतील म्हणाले, काढले आणि गेले. जाताना, "आजी, ते नाव जरा कमी घेत जा," एवढंच म्हणाले.

काकींना लागलं. ज्यांच्या ओंजळी त्यांनी वर्षानुवर्षं भरल्या त्यांच्यापैकीच कुणीतरी पोलीस बोलावले होते. त्या संध्याकाळी त्या वर गेल्याच नाहीत. दर्शनानं एकटीनं झाडं झाकली.

फोन कुणी केला हे कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या माळ्यावरचे जगदीश तावडे, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनीच राधाला, म्हणजे आपल्या बायकोला, वर पाठवलं. राधा दारातच उभी राहिली.

"काकी, ह्यांनी केला फोन. तुम्ही ह्यांना बोला, मला बोला. पण आमच्या घरात तो शब्द आला ना, की ह्यांचं डोकंच चालत नाही."

तेव्हा काकींना आठवलं. तावड्यांचा मुलगा नील. शिकता शिकता त्या नादाला लागला, घरातल्या वस्तू विकायला लागला, आणि आता दोनदा उपचार घेऊन पनवेलकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. सगळ्या इमारतीला माहीत होतं. समोर कुणी बोलत नसे. आणि काकी जिन्यात, तावड्यांच्याच दारासमोर, गांजावाल्यांची हुशारी गात होत्या.

"ये गो आत," काकी म्हणाल्या. राधा आली नाही. म्हणून संध्याकाळी काकीच दुसऱ्या माळ्यावर गेल्या.

जगदीश टीव्ही लावून बसले होते. उठले आणि काकींसाठी खुर्ची पुढे ओढली.

"माझा चुकला," काकी म्हणाल्या. "माझ्या डोक्यात नुसती फुलां होती. पोरगो कसो आहे?"

जगदीशांनी टीव्ही बंद केला. "जेवतोय म्हणतात. मागच्या वेळी भेटायला गेलो तर नीट बोलला." मग म्हणाले, "मी वर येऊन बघायला हवं होतं, काकी. फोन करण्याआधी."

"होय, बघूक हवा होता," काकी म्हणाल्या. चहा पिऊन वर आल्या.

पुढच्या रविवारी जगदीश पीव्हीसीचे पाइप घेऊन गच्चीत आले आणि कापडाला चौकट करून दिली. आता गाठी मारायची गरज नव्हती. पडद्यासारखं ओढलं की झालं. फलकाबद्दल त्यांनी सोसायटीच्या नावानं पत्रही लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मार्गशीर्ष तसाच गेला. बायकांनी दादरहून फुलं आणली आणि काकींना सांगितलं नाही. संक्रांतीच्या आसपास पांढरीवर मटाराएवढ्या कळ्या दिसल्या, मग पिवळीवर. माघी गणपतीला फुलं तयार झाली. नेहमीच्या निम्मीही नव्हती आणि आकारानं लहान. कापड जिथे अपुरं पडत होतं त्या कोपऱ्यातली झाडं शेवटपर्यंत हिरवीच राहिली. विटकरी तर फुललीच नाही.

काकींनी मोठी फुलं निवडून एक वेणी केली. बोटं दुखत होती म्हणून दर्शना दोरा धरून बसली. वेणी राधाकडे गेली. ती दुसऱ्या दिवशी नीलला भेटायला जायची होती.

यंदा काकींनी रोपं मोठ्या ड्रमांत लावली आहेत. काही पाण्याच्या टाकीमागे हलवली. तिथे फलकाचा उजेड येत नाही, पण दुपारनंतर ऊनही येत नाही, त्यामुळे झाडं जरा बारीक राहिलीत. उरलेली उन्हात, पडद्याखाली. कुठली जास्त फुलतील यावरून मायलेकींची रोज वादावादी चालते.

"त्या लोकांनी ऊन पहिलं सांगितलं होतं," दर्शना म्हणते.

"त्यांच्याकडे फलक नसतील," काकी म्हणतात आणि पाइपनं पाणी घालायला लागतात.