कापसाच्या गाडीवरून पायी

मी चालणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. आमचं किराण्याचं दुकान आदिलाबाद-निर्मल सडकेवरच्या नेरडीगोंड्याच्या बाजारात, घर दुकानाच्या मागं, आणि माझी सगळी यात्रा गल्ल्यापासून चुलीपर्यंत. पिठाची गिरणी चार घरं सोडून होती, तरी दळण न्यायला मी कुणीतरी तिकडं जाणारं सापडण्याची वाट पाहायची. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे की आमच्या हिच्या चपला लग्नातल्याच आहेत, अजून झिजल्या नाहीत. खोटं नव्हतं ते.

अशा बाईनं नव्वद सालाच्या पुढच्या एका हिवाळ्यात कॅन्सरच्या बायांसाठी पायी चालायला नाव दिलं. त्याला कारण माझी थोरली जाऊ.

जाऊबाईंच्या छातीत गाठ निघाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, नीट झालं. मग डॉक्टरांनी मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितला. तो तिथंच राहून रोज घ्यायचा. थोडे दिवस घेतला, सणाला म्हणून घरी आल्या आणि परत जायचं नावच काढेनात. अर्धवट सोडलं तर दुखणं उलटेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ बजावलं होतं. थोरले दीर हात जोडून थकले. जाऊबाई मधल्या खोलीत दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून बसून राहायच्या.

कारण काय, तर एक 'कुठं'. आमच्याकडं घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत. काम नासतं. विचारायचंच तर 'लांब का?' असं आडून विचारावं. जाऊबाई ऑपरेशनला निघाल्या त्या दिवशी पानठेल्यावाल्यानं तोंडभर हसून "कुठं चालल्या?" म्हणून विचारलं. गाठ कॅन्सरची निघाली ती त्याच्यामुळं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. अहो बाई, गाठ त्याच्या आधीपासून होती ना, असं मी शंभरदा सांगून पाहिलं. पण घरापासून सडकेवरच्या फाट्यापर्यंत सगळा बाजार लागतो आणि दुकानागणिक एक तोंड बसलेलं असतं. त्यांना नागपूर लांब नव्हतं, फाटा लांब होता.

एक दिवस माझं डोकं फिरलं. लोकांच्या तोंडापायी जीव देता का, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. धाकट्या जावेनं असं बोलू नये, पण बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू गिरणीपर्यंत पायी जात नाहीस, अन् मले नागपूर सांगून राह्यली?"

झोंबलं. त्याच आठवड्यात निर्मलहून महिला मंडळाच्या बाया दुकानात आल्या. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं की बायांनी घाटाच्या पायथ्यापासून निर्मलपर्यंत चालायचं आणि जी वर्गणी जमेल तिच्यातून कॅन्सर झालेल्या गरीब बायांना शहरातल्या दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय करायची. मी रागाच्या भरात नाव देऊन टाकलं. आत जाऊन जाऊबाईंना म्हटलं, मी चालून दाखवलं तर जाल का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्यात पाहण्यासारखं बरंच असल्यामुळं त्याला वेळ लागला.

"तू निर्मलला पायी पोचली, तर मी नागपूरला जातो," त्या म्हणाल्या. आपल्याला जावं लागणार नाही, याची त्यांना खात्रीच पटलेली दिसत होती.

सरावासाठी मी शाळेतल्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. लुगड्याखाली ते असे दिसायचे की आरशात पाहून मलाच हसू आवरेना. पहाटे सडकेला लागले. हातात पिशवी नाही, डोक्यावर भारा नाही, आणि बाई एकटी तरातरा चाललेली. आमच्या भागात याचा एकच अर्थ होतो. बाई भांडून माहेरी निघाली.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं सायकल आडवी घातली. काऊन निघालीस, नवऱ्यानं हात टाकला का, संसारात हे व्हायचंच, असं म्हणत त्यानं मला वळवून घराकडं लावलं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या शेतकऱ्यानं कापसाची गाडी थांबवली. मी म्हटलं, मी मुद्दाम चालून राह्यले. त्यानं मान हलवली, म्हणजे प्रकरण वाटलं त्याहून गंभीर होतं, आणि मला वर चढवूनच घेतलं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्याच्या घरी आमच्याच दुकानातून मीठमिरची जायची. त्याच गाडीनं तो मला दारात सोडून गेला आणि जाता जाता मालकांना चार शब्द सुनावून गेला. मालकांचा काही दोष नसताना त्यांनी ते मुकाट ऐकून घेतले.

हे रोजचंच झालं. हंगाम कापसाचा, सडकेवर गाड्यांची रांग, आणि सगळे आमचेच गिऱ्हाईक. चालायला निघावं आणि थोड्या वेळानं मी उबदार कापसावर रेलून, पाय लांब करून, गाडीवानाकडून संसाराचा उपदेश ऐकत परत यावं. कुणाच्या दारावरून गेले तर चहा, चहाबरोबर चिवडा. महिनाभराच्या सरावानं माझं वजन वाढलं. ब्लाउज उसवावे लागले.

घरी मात्र मी पाय ओढत यायची, हुश्श करायची, गरम पाणी मागायची.  एक दिवस जाऊबाईंनी माझा एक बूट उचलून दारातल्या उजेडात धरला. तळ पांढराशुभ्र. लुगड्याच्या काठाला मात्र कापूस चिकटलेला. त्यांच्या तोंडाला पदर गेला, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, म्हणून घाबरून जवळ गेले तर बाई हसून राह्यल्या होत्या. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मला इतकं बरं वाटलं की माझीच फजिती झाली हेही विसरले.

मग त्यांनीच अक्कल दिली. डोक्यावर टोपलं घे. टोपलं घेतलेल्या बाईला कुणी अडवत नाही, कुणी गाडीत घेत नाही, कुणी काही विचारत नाही. ती शेतात भाकर घेऊन चालली, हे आंधळ्यालाही कळतं. आणि तू परत गाडीवर चढशील, म्हणून मीच येतो पाठीमागं.

आम्हाला शेत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. तरी डोक्यावर टोपलं पाहिलं की माणसाची जीभ आपोआप गप्प बसते. दुसऱ्या पहाटे आम्ही दोघी टोपली घेऊन बाजारातून निघालो. जाऊबाई पहिल्या दिवशी माझ्या आडोशानं चालल्या. आडोसा म्हणून मी चांगलीच होते. पानठेल्यावाला फळी उघडत होता, त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा फळीकडं वळला. फाट्यावर आल्यावर जाऊबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं टोपलं पडतंय.

मग रोज जाऊ लागलो. आठवड्यात त्या माझ्या पुढं चालायला लागल्या. मी मागं धापा टाकत, थांबा हो बाई म्हणत. त्या थांबायच्या नाहीत. टोपल्यामुळं हात वर धरावा लागायचा. ऑपरेशनच्या बाजूचा त्यांचा हात आधी खांद्याच्या वर जात नव्हता. तो हळूहळू जायला लागला. डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितला होता, तो त्यांनी घरात कधी केला नव्हता.

चालण्याचा दिवस उजाडला. मंडळानं पाठवलेली पांढरी टोपी मी घातली, तिच्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं. त्याशिवाय आता मला चालताच येत नव्हतं. निर्मलच्या बाया काय म्हणतील ते म्हणोत. घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीनं जायचं होतं, म्हणून जाऊबाई मला गाडीत बसवून द्यायला फाट्यावर आल्या. त्यांच्याही डोक्यावर टोपलं होतं. बाजारात कुणी चकार शब्द काढला नाही.

निर्मलची गाडी अजून यायची होती. आधी समोरून आदिलाबादला जाणारी, म्हणजे नागपूरच्या वाटेची, आली. जाऊबाईंनी सडक ओलांडली आणि हात केला. मी मागं धावले. म्हणजे जे काही मला जमतं ते केलं. त्यांच्या टोपल्यावरचं फडकं सरकलं होतं. खाली दोन लुगडी, पांघरूण आणि भाकरी.

मी म्हटलं, अहो, आपलं ठरलं होतं, मी निर्मलला पोचल्यावर तुम्ही जाणार.

त्या पायरीवर पाय ठेवून वळल्या. "तू काही पोचत नाहीस, बाई. तुया भरवशावर राह्यली तर मी मरून जाईन."

आणि वर चढल्या. मी काय करणार? मीही चढले. टोपी, बूट, टोपलं, सगळ्यासकट.

कंडक्टर तिकिटाची पेटी वाजवत आला. तो आता काय विचारणार हे मला कळलं होतं. बाजारभर टोपलं मिरवून जे टाळलं, ते आता तोंडावर येणार होतं. त्यानं तेलुगूत विचारलंच, "एक्कडिकम्मा?" कुठं जायचंय, बाई?

मी घाईनं तोंड उघडलं, पण जाऊबाईंनी हातानं मला गप्प केलं. 

"नागपूरले," त्या सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "कॅन्सरच्या दवाखान्यात. तुमी आदिलाबादपर्यंतचं द्या. दोन."

'कॅन्सर' हा शब्द त्यांच्या तोंडून घरातही कुणी ऐकला नव्हता. मग पुढच्या बाकावरची एक बाई सरकली आणि तिनं जाऊबाईंना खिडकीजवळ जागा करून दिली. मी उभीच राहिले, माझ्यापुरती जागा कुठंच होत नव्हती. मला रडू येत होतं आणि पांढऱ्या टोपीत रडणं बरं दिसत नव्हतं.

जाऊबाईंनी टोपलं मांडीवर घेतलं, फडकं नीट केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"तेलुगूत इचारलं तर लागत नाई," त्या म्हणाल्या, आणि एक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.