दोन हुकांचा पट्टा

चंद्रपूर-अहेरी बसमध्ये तो माझ्याशेजारी उभा होता. धुळ्याकडे पवनचक्क्यांवर चढणारा गडी, सुट्टीत गावी निघालेला. पिशवीतून उंचावर चढताना कमरेला बांधायचा, दोन हुकांचा नवाकोरा पट्टा काढून मला दाखवताना त्याचे डोळे नुसते चमकत होते.

"बाप मधासाठी झाडावर तसाच चढते, भाऊ. यंदा हा बांधूनच चढवतो त्याले. एक हूक अडकवल्याबिगर दुसरा सोडाचा नाई."

"ऐकतील ते?"

"म्हणते, हिंमत असली का पट्टा कायले? मी सांगतो, आमच्या पवनचक्कीवरून पडला तो सगळ्यात हिंमतवालाच होता."

आलापल्ली दिसताच तो दाराकडे निघाला. बस हिंदकळत होती, त्याला घरची घाई होती; पण पुढचा दांडा धरल्याशिवाय मागचा त्यानं एकदाही सोडला नाही.