टकलूची पंगत

आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान आहे. दुकानाचे टॉवेल धुणं, वाळवणं आणि घड्या करून परत पाठवणं हे माझं खातं. जन्मभर लोकांची डोकी हाताळल्यामुळे ह्यांचा असा समज झालाय की डोक्याच्या वर आणि डोक्याच्या आत जे काही असतं ते सगळं आपल्याला कळतं. दुकानात ह्यांचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालतं. घरी आले की मात्र ‘हं’ आणि ‘बघू’ एवढ्यावर महिना काढतील.

तर अशा माणसाने एका संध्याकाळी मला न विचारता, न सांगता पोपट घरी आणला.

ह्यांच्याकडे केस कापायला एक बाई येतात. टाकून दिलेले, हाल झालेले पक्षी सोडवून आणणारी त्यांची संस्था आहे. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या या पोपटाची कहाणी सांगितली आणि हे विरघळले. पोपट म्हणजे हिरवा, अशी माझी आपली समजूत. हा होता करडा. शेपूट तेवढी लाल, आणि छातीपासून पोटापर्यंत सोललेल्या कोंबडीसारखा उघडा. आधीच्या मालकाने त्याला अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवलं होतं, म्हणून तो स्वतःचीच पिसं उपटायला लागला होता.

“हे काय, टकलू घेऊन आलात?” मी म्हटलं.

ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात तो शब्द काढायला बंदी आहे, गिऱ्हाईक दुखावतं म्हणे. पण नाव पडलं ते पडलंच.

संस्थेच्या बाईंची अट सरळ होती. महिनाभर ठेवून बघा, वजन रोज कळवा. वजन उतरत राहिलं तर त्या त्याला परत नेणार. झालं, माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा टकलूच्या नावावर झाला.

आणि वजन उतरायला लागलं. गाजर द्या, मक्याचे दाणे द्या, सफरचंदाची फोड द्या, साहेब ढुंकून बघत नव्हते. पिंजऱ्यात हात घातला की मागच्या कोपऱ्यात जाऊन आमच्याकडे पाठ करून बसायचा. आम्ही खोलीबाहेर गेलो की एखादं पीस उपटल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की हे डोळे मिटून घ्यायचे. मी वरवर करवादत होते, पण खरं सांगायचं तर माझाही जीव टांगणीला लागला होता.

मग ह्यांनी अक्कल चालवली. दुकानातून एक बाटली घेऊन आले. “मुळं जिवंत आहेत,” म्हणाले. “नीट चोळलं की पिसं अशी येतील ना.”

“अहो, डॉक्टरांना विचारा आधी.”

“केसांचं डॉक्टरांना काय विचारायचं?”

टकलूला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि गिऱ्हाइकाची करावी तशी साग्रसंगीत तेलमालिश सुरू केली. वर तोंडाची टकळी चालू. “आरामात बसा, साहेब. मान सैल सोडा. काय मग, उकाडा फार आहे ना?” मी दारात उभी राहून ऐकत होते. ह्यांचा हा दुकानातला आवाज मी घरात कधी ऐकलाच नव्हता. मनात म्हटलं, वा, पोपटाला साहेब, आणि मला ‘हं’.

थोड्याच वेळात तेल पाठीवरच्या चांगल्या पिसांतही पसरलं. पिसं चिकटून त्याच्या जुड्या झाल्या. टकलू कुडकुडायला लागला आणि डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशीच बसला. ह्यांची तर पाचावर धारण बसली. चपला घालायचं भान नव्हतं, तसेच पिंजरा घेऊन निघाले. मी मागून चपला घेऊन पळतेय.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बघितलं आणि आमच्याकडे वळल्या. “तेल कुणी लावलं?”

“केस वाढावेत म्हणून...” हे पुटपुटले.

“ही पिसं आहेत. पिसं चिकटली की अंगात ऊब राहत नाही. आणखी उशीर केला असता तर गारठून गेला असता.”

हे मान खाली घालून उभे. एरवी मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं, पण ह्यांचे अनवाणी पाय बघून माझ्याने बोलवेना.

बाईंनी त्याला सौम्य साबणाने धुतलं, दिव्याखाली ऊब दिली, रक्त तपासलं, विष्ठा तपासली. रोग काही नव्हता. नॉनस्टिक तवा तापवू नका, त्याच्या धुराने पक्षी दगावतो, असं बजावलं. दुकानातले सुगंधी फवारे घरी आणायचे नाहीत, हेही सांगितलं. मग विचारलं, “तुम्ही जेवता तेव्हा हा कुठे असतो?”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. लोकांची जेवणाची सुट्टी म्हणजे ह्यांच्या दुकानात गर्दी, त्यामुळे ह्यांचा डबा तिकडेच. रात्री हे उशिरा येणार, तोवर माझं उरकलेलं. आणि दुपारी मी टॉवेल वाळत घातले की ओट्यापाशी उभ्यानेच चार घास खाते.

“म्हणजे याच्यासमोर कुणी जेवतच नाही,” बाई म्हणाल्या. “हे पक्षी थव्याने खातात. सोबत कुणी खाताना दिसलं की यांना भरवसा वाटतो. रोज दुपारी दोघं याच्यासमोर बसून जेवा. फक्त याच्याकडे टक लावून बघू नका.”

दुसऱ्या दिवसापासून दुकानावर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लागली. नेहमीची गिऱ्हाइकं कुरकुरली, पण हे घरी आले. टेबल पिंजऱ्याजवळ ओढलं, टकलूचं ताट आत ठेवलं, आमची बाहेर. पोपटाकडे बघायचं नाही, मग बघणार कुठे? एकमेकांकडे बघावं लागलं.

“चष्मा नवीन केलास?” ह्यांनी विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

हे घाईघाईने आमटी भुरकायला लागले.

पण हळूहळू ह्यांचं तोंड सुटलं. कुठलं गिऱ्हाईक खुर्चीतच घोरतं, कोण मागे उरलेले चार केस पुढे आणून भांग पाडून मागतो, सगळ्यांच्या नकला. एका दुपारी मला हसून हसून ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. मी पेला खाली ठेवते तोच मागून कुरुम असा आवाज आला.

“वळू नकोस,” हे दबक्या आवाजात म्हणाले.

पुन्हा कुरुम. टकलू गाजर खात होता. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर स्वारीचे डोळे भरून आलेले.

त्यानंतर काटा वर सरकू लागला. छातीवर पिसांचे बारीक कोंब दिसायला लागले. महिना संपला तेव्हा संस्थेच्या बाई येऊन वजन बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, “राहू दे इथेच.” डॉक्टरीणबाईही खूश. “आता हा एकटाही नीट खाईल. तुम्ही तुमच्या पूर्वीच्या वेळी जेवायला हरकत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप डबा भरून दिला. ह्यांनीही गुपचूप घेतला. आनंदच होता, टकलू आमचा झाला होता. तरी दिवसभर माझी उगाच चिडचिड होत होती. दुपारी टॉवेल वाळत घातले, ताट वाढून ओट्यापाशी उभी राहिले. आत टकलू मजेत मक्याचे दाणे फोडत होता. माझ्या हातातला घास हातातच.

दार वाजलं. बघते तर हे, हातात न उघडलेला डबा.

“टकलू जेवला?”

“केव्हाच. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? मग कशाला आलात?”

ह्यांनी डबा टेबलावर ठेवला, आणि पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, “त्याला जमतं गं. मला एकट्याला घास उतरेना.”

मी ओट्यावरचं ताट उचललं आणि ह्यांच्या समोर येऊन बसले.