पारोसा महिना

शॉवर की टब, यावर मी आणि माझा नवरा तीन आठवडे भांडलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं पाणी झिरपायला लागलं, खालच्या मजल्यावरचे रोज वर येऊन ओरडायला लागले, तेव्हा सगळं उखडायचं ठरलं. उखडायचंच आहे तर काहीतरी नवीन करू, असं मी म्हणाले. इथून पुढचा मूर्खपणा माझा. निम्मा नवऱ्याचा, पण तो आता वाद घालायला इथे नाही, म्हणून त्याच्या वाट्याचाही मीच सांगते.

त्याला शॉवर हवा होता. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाण्याची टाकी जेमतेम डोक्यावर. शॉवरला जोर कुठून येणार? "त्यापेक्षा झाडांची झारी टांगून ठेवा," मी म्हणाले. मला टब हवा होता, कारण बेलापूरच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारीनं वाशीच्या घरात बसवला होता. एवढंच कारण. नळाला सकाळी तासभर पाणी यायचं, मग टब भरणार कशानं, हा प्रश्न तेव्हाच्या मला, बेचाळीस वर्षांच्या पदवीधर बाईला, पडला नाही. आज ती समोर आली, तर मी तिचा कान पिळीन. दोन्ही पिळीन.

घरात तिसरं माणूस होतं. माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर रत्नागिरीकडचं घर बंद करून आमच्याकडे आलेल्या, दोन्ही गुडघ्यांनी अधू. रोज सकाळी न्हाणीच्या कोपऱ्यात पाटावर बसून, बादलीतलं कढत पाणी तांब्यानं अंगावर घेत, मोठ्यांदा स्तोत्रं म्हणत त्या अंघोळ करायच्या आणि मगच देवांची पूजा. पारोशानं देवाला शिवणं त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट.

त्यांना काय हवं, हे तीन आठवड्यांत एकदाही कुणी विचारलं नाही. आमच्यामध्ये बसून त्या पावट्याच्या शेंगा सोलत होत्या, आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून भांडत होतो.

जिंकले मी. गुलाबी फायबरचा टब चार माणसांनी जिन्यावरून वर आणला. दिवाळे गावाहून मासे विकायला येणारी आमची कोळीण तेव्हा नेमकी पाटी घेऊन खाली उतरत होती. भिंतीला चिकटून उभी राहिली नि म्हणाली, "गो बाय, ही होडी घरान कशाला? पानी कुठं हाय?"

मी हसले. अडाणी बाई, असं मनात म्हणाले. खरंच म्हणाले.

टब या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसला. पाट ठेवायला फरशीच उरली नाही. टब कधी भरलाच नाही. मी आणि नवरा त्यात बादली ठेवून, उभ्यानं तांब्यानं अंघोळ करायचो आणि घाईघाईत ऑफिस गाठायचो.

आठवड्याभरात सासूबाई म्हणाल्या, "पूजा आता तू करत जा. मला वाकवत नाही." माझी छाती फुगली! वीस वर्षांत त्यांनी मला देवांची भांडी घासण्यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. मला वाटलं, बढती मिळाली. मी ऑफिसात पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. "शेवटी पटलं त्यांना," असं शेजारणीला सांगितलं. किती मठ्ठ असावं माणसानं? सासूबाईंची स्तोत्रं बंद झाली, त्यांची लुगडी दोरीवर दिसेनाशी झाली, आणि ही बाई पितळी घंटा वाजवत बढती साजरी करतेय.

महिन्यानं, रविवारी, कोळीण दारात बोंबील साफ करत बसली होती. सासूबाई आत पडल्या होत्या. हात न थांबवता ती म्हणाली, "तुजी सासू म्हैना झाला न्हायली नाय. ठाव हाय का तुला?"

"काहीतरी काय बोलतेस!"

"तिनंच सांगलं मना. तुमी हापिसला गेलाव, न ती टबान शिराला गेली. एक पाय आत, एक भायेर, तशीच अडकून रायली. कवा सुटली, देवाला ठाव. तवापासून वल्या फडक्यानं आंग पुसते. म्हातारी रडते गो दुपारची."

मला काय झालं? दया आली? नाही. मी तरातरा आत गेले आणि रागावले. त्यांच्यावर!

"अहो आई, मला का नाही सांगितलंत? कोळणीला सांगता? घराबाहेर शोभा?"

त्या उठून बसल्या. आवाज चढवला नाही. "ती विचारते, कशी आहेस म्हणून. तुम्ही मला काय विचारलंत ते आठव, मग भांड." मग हळूच, "पारोशी मरेन असं वाटायला लागलं होतं गं."

नवऱ्यानं पेपर खाली केला. "मी सांगत होतो, शॉवर घे."

त्या क्षणाचा संताप अजून माझ्या हातांत आहे. "शॉवरखाली त्या कोणत्या पायांवर उभ्या राहणार होत्या?" मी एवढ्यांदा ओरडले, की कोळीण बोंबील टाकून दारातून डोकावली. त्यानं पेपर पुन्हा वर केला. माझ्यावरचा सगळा राग मी त्याच्यावर काढला आणि तरीही तो संपला नाही.

दोन दिवसांत गवंडी बोलावला. टब फोडूनच काढावा लागला. मोकळी जागा बघून त्यानं विचारलं, "आता काय बसवू?" आणि, काय सांगू, आम्ही दोघांनी पुन्हा तोंड उघडलं!

तेवढ्यात सासूबाई पाट घेऊन आल्या. सिमेंटच्या धुळीत, नेसत्या लुगड्यानिशी, तो मांडून त्यावर बसल्या. उजवा हात लांब केला. "नळ इथे. उठताना धरायला दांडी इथे. आणि बाकी काही नको."

गवंड्यानं त्यांच्या बोटाशी पेन्सिलीनं फुली मारली.

फरशी वाळल्यावर पहिल्या दिवशी त्या तासभर आत होत्या. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून दार बडवत होता. "आई, नळ जाईल! ऑफिस आहे!" आतून स्तोत्र थांबलं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बाहेर आल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि देवांसमोर बसलेल्या मला म्हणाल्या, "सरक."

मी सरकले. कपाळात तिडीक गेली माझ्या. खोटं कशाला बोलू?