आतून रंगवलेलं मडगार्ड

निवृत्तीनंतर लोक म्हणतात, "साहेब, एखादी बहादुरीची केस सांगा." मला मात्र सगळ्यात आधी आठवते ती हरलेली केस. ती मीच हरवली. नावं कुणाचीच लिहीत नाही.

पहूरजवळच्या रस्त्यावर भल्या सकाळी कापूस वेचायला निघालेली एक बाई मेली. गाडीच्या चाकात पदर अडकला, बाई फरपटली, डोकं दगडावर आपटलं. गाडी थांबलीच नाही. पंचनाम्यात आम्ही लिहिलं, 'साडीचा हातभर पदर फाटून गायब.'

तिचं माहेर रावेरकडचं. आदल्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण झालेलं. माहेरचे म्हणाले, नवऱ्याने छळलं, म्हणून तिने गाडीखाली जीव दिला. आणि पाच वर्षांची नात घेऊन गेले. नवरा रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचा. "साहेब, गाडी सापडली तं माही पोर भेटीन ना मले?"

"भेटेल," मी छातीठोकपणे सांगायचो.

तिसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहावाल्याने टीप दिली. त्या सकाळी गोल दिव्यांची, जुन्या जमान्यातली, रंगाआधीचं नुसतं लाल अस्तर मारलेली गाडी भरधाव गेली होती. अशी गाडी अख्ख्या जिल्ह्यात एकच. पिंप्राळ्यातला एक व्यापारी वडिलांची जुनी गाडी नव्याने उभी करत होता.

"या साहेब, या! हिला बघायला आलात ना?" शेठने खुर्ची दिली, चहा मागवला. गाडीला कुठे पोचा नाही, ओरखडा नाही. मी कौतुकाने बॉनेटवरून हातही फिरवला. मडगार्ड आतून बघायचं तर जमिनीवर गुडघे टेकावे लागले असते, आणि माझ्या पँटीला कडक इस्त्री होती. चहा पिऊन परत आलो.

आठ दिवसांनी माझ्या हवालदाराने विचारलं, "साहेब, चाकाच्या वर आतून पाहिलं होतं का?" मी त्याच्यावर खेकसलो. पण गेलो. या वेळी बॅटरी घेऊन खाली बसलो. पुढचं डावं मडगार्ड आतून काळंभोर, ताजं चकचकीत. बाकीच्या तिन्हींत चिखल आणि गंज. घर रंगवायला काढणारा माणूस एकाच कोपऱ्याला रंग देतो का? शेठ म्हणाला, "पेंटरला विचारा."

पेंटर धुळ्याकडचा, साठीचा माणूस. मी आधी त्याच्या कानाखाली वाजवली, मग प्रश्न विचारला. आज लिहितानाही लाज वाटते.

"काम चोख करेल शे साहेब," तो गाल धरून आपल्या अहिराणीत म्हणाला. शेठने घाई करून तेवढं एकच मडगार्ड आतून करून घेतलं होतं, कधी, तर मी चहा पिऊन गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. इतर पेंटर चिखलावरच डांबरी कोटिंग फासून मोकळे होतात. याने तारेच्या ब्रशने पत्रा उघडा होईपर्यंत खरवडलं, रॉकेलने धुतलं, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, मग कोटिंग मारलं. अरे देवा! हा माणूस कामचुकार असता तर सगळा पुरावा त्या थराखाली शाबूत राहिला असता.

"आत काही अडकलं होतं?"

"चिंधी व्हती एक. हात पुसाले लिधी."

त्याच्या चिंध्यांच्या डब्यात ती मिळाली. रॉकेलने भिजलेली, लाल रंगाने माखलेली, बोटभर हिरवा काठ तेवढा दिसत होता. नवऱ्याने काठ ओळखला आणि ठाण्यातच हंबरडा फोडला. प्रयोगशाळेचा अहवाल आला, रक्ताचा अंश नाही.

कोर्टात पेंटरने जसं घडलं तसं सांगितलं. शेठचं काम कायमचं जाणार हे त्याला ठाऊक होतं, तरी सांगितलं. मग माझी पाळी. शेठच्या वकिलाने स्टेशन डायरीची नक्कल पुढे केली. माझ्याच सहीची, त्या पहिल्या भेटीची नोंद होती, 'वाहनाची आतून-बाहेरून बारकाईने पाहणी केली. संशयास्पद काही आढळले नाही.'

"साहेब, ही नोंद खरी की खोटी?"

खोटी म्हणालो तर खात्याची चौकशी लागणार. खरी म्हणालो तर चिंधी त्या गाडीत नव्हतीच, असा अर्थ होणार. नोकरीची सात वर्षं उरली होती.

"खरी," मी म्हणालो.

शेठ निर्दोष सुटला. ज्याला मी मारलं तो शपथेवर खरं बोलला, आणि मी वर्दी घालून खोटं. गुन्हेगार कशासाठी खोटं बोलतो, हे इतकी वर्षं आरोपींना विचारत होतो. त्या दिवशी उत्तर कळलं. तो घाबरलेला असतो, बस.

नवऱ्याला यातलं काही उमगलं नव्हतं. बाहेर येऊन त्याने माझेच हात धरले. "साहेब, सासऱ्याला तुम्ही सांगा. तुमचं ऐकीन तो."

मी गेलो. म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. पदर चाकात अडकला होता, तुमच्या मुलीने जीव दिला नाही, जावयाचा काही दोष नाही. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग हे कोर्टात काऊन नाही सांगितलं?"

मी टोपी उचलून ओट्यावरून उतरलो. पोर आजोळीच वाढली.